विश्लेषण : नव्या टाकीतले मासे महिनाभरात का मरतात? सातारा-सांगलीच्या पाण्याशी त्याचा संबंध काय?

रविवारी सकाळी दुकानातून काचेची टाकी घरी येते. रंगीत खडे धुतले जातात, नळाचे पाणी भरले जाते, बुडबुडे सोडणारा पंप सुरू होतो. दुपारपर्यंत पिशवीतले दहा-बारा मासे टाकीत पडतात आणि घरातली मुले काचेला नाक लावून बसतात. बुधवारी पाणी दुधाळ दिसू लागते. पुढच्या रविवारपर्यंत दोन-तीन मासे उलटे तरंगतात. मग टाकी रिकामी होते, खडे साबणाने घासले जातात, नवे पाणी, नवे मासे आणि पुन्हा तोच प्रकार. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की टाकी माळ्यावर जाते आणि ‘आमच्याकडे मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. दुकानदाराने आजारी मासे दिले, अशी शंकाही असतेच. बहुतेक वेळा दोष दुकानदाराचा नसतो आणि माशांचाही नसतो. तो पाण्याचा असतो. सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत हे पाणी गावागणिक बदलते. त्यामुळे एका घरात वर्षानुवर्षे टिकलेले मासे दुसऱ्या घरात का टिकत नाहीत, याचे उत्तर अनेकदा नळाच्या तोटीवरच लिहिलेले असते.

पहिल्या महिन्यात नेमके काय बिघडते?

मासा खातो, श्वास घेतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. खाली पडून कुजणारे खाद्यही अमोनियाच तयार करते. नदीत हा अमोनिया वाहून जातो, पातळ होतो. चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत तो साचतो. कल्ले जळतात, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. पंप जोरात चालू असूनही ‘हवा कमी पडतेय’ असे घरच्यांना वाटते ते यामुळेच.

निसर्गात यावर इलाज आहे. पाण्यात राहणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते आणि रक्त तपकिरी पडते. नायट्रेट मात्र बरेच सौम्य. थोडे पाणी बदलून किंवा वनस्पतींच्या मदतीने त्याचा बंदोबस्त करता येतो. शाळेत नायट्रोजन चक्र म्हणून ज्याची आकृती काढायला लावतात, त्यातलाच हा भाग.

अडचण अशी की नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या रविवारी सोडलेले मासे अशा घरात राहायला आलेले असतात, जिथे सांडपाण्याची सोयच झालेली नाही. आणि महिनाभर जी काही तुटपुंजी वस्ती जमते, तीही पुढच्या रविवारच्या साबणाच्या धुण्यात निघून जाते.

मग मासे आणण्याआधी काय करायचे?

याला इंग्रजी नावे बरीच आहेत, पण घरातल्या कोणत्याही आजीला ही गोष्ट एका शब्दात समजते : विरजण. दुधाचे दही आपोआप लवकर होत नाही, चमचाभर जुने दही घालावे लागते. तसेच टाकीचे. ओळखीत कोणाकडे सहा महिने-वर्षभर नीट चाललेली टाकी असेल, तर त्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे मागून आणावेत. ते ओले ठेवून, वाळू न देता, तासा-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये ठेवावेत. चार-सहा आठवड्यांचे काम बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांवर येते. मात्र ज्या टाकीत अलीकडे मासे आजारी पडले असतील, तिथले विरजण नको. रोगही सोबत येतो.

विरजण मिळाले नाही तरी बिघडत नाही, फक्त धीर हवा. टाकी भरायची, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि मासे नसतानाच दर एक-दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकायचे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळते. शेजारी हसतील, पण मोकळ्या टाकीला खाऊ घालण्याचा हा कार्यक्रमच पुढची मरतुक वाचवतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे किट मिळते. दोन्ही शून्य येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार. ही वाढ ऊबेत लवकर होते, थंडीत रेंगाळते. डिसेंबरमध्ये साताऱ्यात टाकी मांडणाऱ्याने सांगलीत एप्रिलमध्ये मांडणाऱ्यापेक्षा जास्त वाट पाहायची तयारी ठेवावी.

ज्यांनी आधीच मासे सोडले आहेत त्यांचे काय? त्यांनी दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि कोठून तरी विरजण मिळवावे. नायट्राइट वाढले असेल तर दर दहा लिटर पाण्यामागे चहाचा एक चमचा साधे मीठ विरघळवून घालण्याने माशांना आधार मिळतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

साताऱ्याचे पाणी आणि सांगलीचे पाणी यात फरक काय?

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. नदी एक, पण घराघरात येणारे पाणी एक नाही.

सातारा शहराला कासच्या जलाशयातून आणि उरमोडीवरच्या शहापूर योजनेतून पाणी येते. कासचे पाणी म्हणजे जांभ्याच्या पठारावर पडलेला पाऊस. त्याला क्षार गोळा करायला फार वेळच मिळालेला नसतो, म्हणून ते मृदू असते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका कृष्णेचे पाणी उचलते. ते मध्यम असते आणि ऋतूप्रमाणे बदलते. खरी गोष्ट सुरू होते ती बोअरवेलच्या पाण्यापासून. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्यातले माण-खटाव येथील बोअरचे पाणी जड असते. मिरज, वाळवा, पलूस पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनींखालच्या पाण्यालाही क्षारांची जोड असते.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तोटीवर आणि गिझरमध्ये पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, तर पाणी जड आहे.

जडपणाने मासे लगेच मरत नाहीत. पण जड पाण्याचा पीएच साधारणपणे चढा असतो आणि तिथे अमोनियाचा खेळ बदलतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक घातक, एक जवळपास निरुपद्रवी. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही घातक रूपात नसतो. पीएच 8 झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे सारखीच चूक, सारखेच जादा खाद्य, पण बोअरच्या पाण्यात तिची शिक्षा जवळजवळ दहापट. पाणी तापले तर आणखी थोडी जास्त. पूर्वेकडच्या तालुक्यांत नव्या टाकीतले मासे पटकन जातात, त्यामागचे एक कारण हे.

यावर अनेक घरांत एक उपाय केला जातो, तो चुकीचा आहे. पिण्याच्या आरओ यंत्राचे ‘शुद्ध’ पाणी थेट टाकीत ओतायचे. त्या पाण्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात आणि माशांना ते लागतात. शिवाय असे पाणी पीएच धरून ठेवू शकत नाही. निम्मे बोअरचे आणि निम्मे आरओचे मिसळले तर ते चालते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पाणी बदलण्याच्या फंदात न पडता पाण्याला मानवणारा मासा निवडणे.

महापालिकेच्या पाण्यात वेगळा धोका असतो, क्लोरीनचा. ते माशांच्या कल्ल्यांना आणि विरजणाच्या जीवाणूंनाही मारते. पसरट बादलीत पाणी 24 तास उघडे ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरावे. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते, जुन्या फोटो स्टुडिओंत ‘हायपो’ म्हणून असायचे तेच. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीचे पाणी गढूळ होते आणि शुद्धीकरणात तुरटी-क्लोरीनचा मारा वाढतो. त्या आठवड्यात नळाला वास येत असेल तर पाणी बदलण्याचे काम चार दिवस पुढे ढकललेले बरे.

टाकी केवढी असावी आणि कुठे ठेवावी?

लहान टाकी सांभाळायला सोपी, हा सर्वांत महागात पडणारा समज. पाणी जितके कमी तितकी चूक लवकर विषारी होते. गोल काचेचा बाऊल तर मासे पाळण्याचे भांडेच नव्हे. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही टाकी योग्य. तिच्यात सुमारे 56 लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात 45 लिटर धरावे. काच, खडे, पाणी मिळून वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, म्हणून टीव्हीच्या शोकेसवर किंवा टीपॉयवर ती ठेवू नये. खाली सपाट, भक्कम टेबल आणि त्यावर थर्माकोलचा पातळ पत्रा. खिडकीचे ऊन थेट पडले की शेवाळ माजते आणि मे महिन्यात पाणी तापते. प्लगकडे जाणारी वायर मधे खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी लावावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकते.

फिल्टर म्हणून एवढ्या टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. स्वस्त, टिकाऊ आणि जीवाणूंना राहायला भरपूर जागा. आवाज होतो किंवा वीज जळते म्हणून रात्री पंप बंद करण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. पाच वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी चार युनिट वीज लागत नाही. उलट फिल्टर काही तास बंद राहिला की स्पंजातले जीवाणू प्राणवायूविना मरू लागतात.

सजावटीत दुकानातले लालभडक खडे आणि प्लास्टिकचे किल्ले असतातच. माशांना त्याहून उपयोगी आहेत जिवंत वनस्पती. व्हॅलिसनेरिया, जावा मॉस, जावा फर्न यांना फार लाड लागत नाहीत. सर्वांत सोपी युक्ती घरातच असते. मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अशी अडकवावी की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. ती नायट्रेट शोषून घेते आणि पाने पाण्यात बुडाली नाहीत तर वर्षानुवर्षे वाढत राहते. नदीतून किंवा शेतातून आणलेले दगड मात्र आधी तपासावेत. दगडावर लिंबाचे दोन थेंब टाकले आणि फसफसले, तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करतो.

कोणते मासे एकत्र नांदतात?

जड पाण्याच्या घरांसाठी गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे जवळजवळ बेतून केल्यासारखे आहेत. हे सारे अंडी न घालता थेट पिल्ले देणारे आणि क्षारांना न घाबरणारे. गप्पीची ओळख ग्रामीण महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. डेंग्यू-हिवतापाच्या डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग पडक्या विहिरी, साठवण टाक्यांत हाच मासा सोडतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा आणि त्रिनिदादसारख्या बेटांवरचा. तिथून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्या आडनावावरून त्याला नाव मिळाले.

गप्पीबाबत एक इशारा. मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते आणि एकदा नराशी संबंध आला की पुढची अनेक महिने नर नसतानाही देत राहते. जोडी आणणाऱ्याच्या टाकीत दिवाळीपर्यंत गप्पींचे गाव वसते. ते नको असेल तर फक्त नर आणावेत, तेच रंगीतही असतात. 45 लिटरमध्ये सहा-सात नर गप्पी आणि तीन-चार प्लॅटी एवढे पुरे. प्लॅटीही एकाच लिंगाचे घेता आले तर उत्तम.

साताऱ्याच्या मृदू पाण्यात नीऑन टेट्रा, चेरी बार्ब आणि तळाशी फिरणारे कोरीडोरास खुलतात. हे सगळे कळपाने राहणारे मासे. ‘प्रत्येकी एक जोडी द्या’ ही आपल्याकडची खरेदीची पद्धत इथे घात करते. दोनच नीऑन असतील तर ते कोपऱ्यात लपून राहतात आणि आठ असतील तर टाकीभर फिरतात. आठ नीऑन आणि पाच कोरीडोरास, किंवा सात-आठ झेब्रा डॅनिओ. झेब्रा हा आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. जड-मृदू दोन्ही पाणी त्याला चालते, थंडीही सोसते. पाळणाऱ्याची पहिलीच वेळ असेल तर दोन्ही जिल्ह्यांत झेब्रापासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे.

सगळे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. जीवाणूंची वस्ती येणाऱ्या कचऱ्याच्या प्रमाणात वाढते. म्हणून आधी चार, दोन आठवड्यांनी आणखी चार. दुकानांतले मासे चेन्नईचे कोळत्तूर, कोलकाता, मुंबई अशा ठिकाणांहून पिशव्यांत प्रवास करून आलेले असतात. माल आला त्याच दिवशी न घेता तीन-चार दिवस दुकानाच्या टाकीत तगलेले मासे घ्यावेत. घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि तो बहुतेक वेळा पिशवीतूनच येतो.

कोणते मासे घेऊ नयेत?

यादी लांब आहे आणि दुकानात नेमकी हीच पिल्ले समोर ठेवलेली असतात. ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर मासा दोन इंचांचा असतो तेव्हा गोड दिसतो. तो वाढून फूट-दीड फूट होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. ‘शार्क’ नावाने मिळणारे चंदेरी पिल्लू म्हणजे पंगासचीच जात, पूर्ण वाढला तर मीटरभर. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न तोंडात मावेल ते खातात. एंजल मासा शांत दिसतो, पण मोठा झाला की रात्री नीऑन कमी होऊ लागतात. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो. फायटरला त्याच्या नावाप्रमाणे एकटाच ठेवावा, लांब शेपटीच्या गप्पीला तो प्रतिस्पर्धी समजतो.

आणि गोल्डफिश. वास्तूच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे दीड फुटाच्या टाकीत ठेवायला सांगितले जाते. गोल्डफिश हा थंड पाण्यातला, भरपूर खाणारा आणि वितभर वाढणारा मासा आहे. दोन फुटांच्या टाकीत एकही नीट मावत नाही, मग नऊ कसे मावणार? ते एकामागून एक मरतात. त्यावर ‘घरावरचे संकट माशाने घेतले’ असे समाधान तयारच असते. संकट पाण्यात असते.

हिवाळा, उन्हाळा आणि पुरात काय करायचे?

सातारा शहर सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बारा अंशांच्या खाली उतरतो. उष्ण कटिबंधातल्या माशांना 24 ते 26 अंश हवे असते. एवढ्या टाकीला 50 वॉटचा, तापमान स्वतः राखणारा हीटर पुरेसा. वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडे तर तो हवाच. थंडीपेक्षाही दिवस-रात्रीतला चढउतार माशांना जास्त बाधतो.

सांगलीत प्रश्न उलटा. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचे पाणी तिशी ओलांडते. पाणी जितके गरम, तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. 20 अंशांना लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास वाढलेला असतो. झाकण काढून जाळी लावावी, टेबल पंख्याचा झोत पृष्ठभागावर सोडावा, खाद्य निम्मे करावे. बर्फ थेट टाकू नये.

प्राणवायू संपल्यावर काय होते हे सांगलीकरांनी मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. मार्च 2023 मध्ये अंकली परिसरात कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. सेंद्रिय घाण पाण्यात आली की ती कुजवणारे जीवाणू प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. टाकीत जास्त पडलेले खाद्य लहान प्रमाणात हेच घडवते.

पूर ही सांगलीची वेगळी कसोटी. 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर शहराने पाहिले. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. अशा वेळी टाकीकडे पाहायला कोणालाच सवड नसते आणि तसे असणेही बरोबर. पण नुसतीच वीज गेली असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मासे वाचवतो. तो नसेल तर दर तासाला मगाने टाकीतलेच पाणी घेऊन वरून ओतावे आणि खाद्य पूर्ण बंद करावे. निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात.

दर आठवड्याचे काम किती?

अर्धा तास. चौथा हिस्सा पाणी नळीने ओढून काढायचे, तळाचा गाळ त्याच नळीने उचलायचा आणि क्लोरीन गेलेले, साधारण त्याच तापमानाचे पाणी हळूच भरायचे. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खतच असते. स्पंज महिन्यातून एकदा त्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळायचा, नळाखाली कधीही नाही. साबण घरातल्या या एका वस्तूला लावायचा नाही. खाद्य दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. आठवड्यातून एक दिवस माशांनाही एकादशी घडली तर पाणी स्वच्छ राहते. घरातल्या प्रत्येकाने ‘बिचारे भुकेले दिसतात’ म्हणून चिमूट टाकली तर हिशोब कोलमडतो, म्हणून खाऊ घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

कंटाळा आला तर मासे नदीत सोडावेत का?

नाही. आणि हे बहुधा सद्भावनेनेच केले जाते. सकर मोठा झाला, गप्पी शंभर झाले, बदली झाली, की पिशवी घेऊन घाटावर जायचे आणि जीवाला मोकळे केल्याचे समाधान घेऊन परतायचे. पण हे मासे तिथले नाहीत. सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी, टणक अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. जलपर्णीची कथाही अशीच. दक्षिण अमेरिकेतली ती वनस्पती जगभर पसरली ती सुंदर फुलांची शोभिवंत म्हणून, आणि आज पंचगंगेपासून कृष्णेपर्यंत ती हटवण्यावर खर्च होतो.

कृष्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माशांकडे आपले लक्ष कमी गेले आहे. खवली नावाचा एक छोटा मासा 1953 मध्ये ई. जी. सायलस यांनी महाबळेश्वर परिसरातल्या वेण्णेतून शास्त्राला नव्याने परिचित करून दिला आणि त्याच्या नावातच सह्याद्री घातला. पुढे परदेशातल्या मत्स्यालयांच्या व्यापारात हा ‘महाराजा बार्ब’ म्हणून ओळखला गेला. 2020 मध्ये उन्मेष कटवटे, प्रदीप कुमकर, राजीव राघवन आणि नीलेश डहाणूकर या संशोधकांनी त्याच्यासाठी वायखोमिया ही नवी प्रजाती मांडली आणि कर्नाटकातल्या काळी नदीतला त्याचा भाऊबंद ही वेगळी जात असल्याचे दाखवले. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या ओढ्यांत पोरे हाताने पकडतात असा एखादा मासा जगात फार थोड्या जागी सापडणारा असू शकतो. त्याच्या ओढ्यात टाकीतला गप्पी, सकर किंवा त्यांच्यासोबतचे रोग पोहोचले, तर ते परत काढता येत नाहीत.

नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, बहुतेक जण घेतात, पैसे मात्र मिळतीलच असे नाही. नाहीतर ज्याची टाकी विरजणाला लागली आहे अशा शेजाऱ्याला द्यावेत. मेलेला मासा संडासात किंवा ओढ्यात न टाकता कुंडीतल्या मातीत पुरावा. काढून टाकलेल्या पाणवनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्याव्यात. आणि टाकी बंद करायची असेल तर तिचा जुना स्पंज फेकू नये. गावात कोणीतरी याच रविवारी नवी टाकी घरी आणलेली असते.